दोन दिवसांची मुंबई: प्रवास, मुक्काम आणि जेवणखाण

मुंबई दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम चिंचोळी आहे. दोन दिवसांच्या सहलीचे गणित याच एका गोष्टीवर जुळते किंवा फसते. चर्चगेट ते बोरिवली हे अंतर सुमारे 34 किलोमीटर. पश्चिम रेल्वेची जलद लोकल ते तासाभरात कापते. संध्याकाळी सहाला टॅक्सीत बसले तर दोन तासही अपुरे पडू शकतात. उलट कुर्ल्याहून वांद्र्याला जायचे अंतर नकाशावर बोटभर दिसते, पण आडवे जाणारे रस्ते आणि रूळ ओलांडणारे पूल थोडे असल्याने ते जिवावर येते. त्यामुळे एका दिवशी एकच पट्टा धरावा. एक दिवस गेट वे ते मरीन ड्राइव्ह ही दक्षिण मुंबई आणि दुसरा दिवस दादर, प्रभादेवी, वरळी, किंवा मुलांना घेऊन थेट बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, अशी वाटणी झेपते. सकाळी घारापुरी, दुपारी सिद्धिविनायक, संध्याकाळी जुहू आणि रात्री कुलाब्यात खरेदी असा बेत कागदावरच शोभतो.

दुसरे पथ्य गर्दीच्या दिशेचे. सकाळी आठ ते अकरा या वेळात शहर दक्षिणेकडे, म्हणजे सीएसएमटी आणि चर्चगेटकडे धावत असते. संध्याकाळी साडेपाच ते नऊ तेच शहर उत्तरेकडे परतते. पाहुण्याला कचेरी गाठायची नसते, तेव्हा त्याने या लाटेत पडण्याचे कारण नाही. दक्षिणेत मुक्काम करणारा सकाळी उत्तरेकडे निघाला तर त्याला बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच वाढते. अंधेरी आणि वांद्रे-कुर्ला संकुलात कचेऱ्या वाढल्यापासून उलटी दिशाही पूर्वीइतकी मोकळी राहिलेली नाही, पण दोन्हींतला फरक अजून मोठा आहे. मुक्कामाची जागा ठरवताना हा फरक खोलीच्या भाड्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

मुंबईला येणारी गाडी कुठल्या टर्मिनसला थांबते हे तिकीट काढतानाच पाहावे. सीएसएमटी, दादर आणि मुंबई सेंट्रल ही तीन ठिकाणे सोयीची, कारण तिथून लोकल लगेच मिळते. लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ल्याजवळ असले तरी कुर्ला स्टेशनला लागून नाही. हार्बरवरचे टिळकनगर त्याला जवळचे. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे लोकल स्टेशन ही दोन वेगळी ठिकाणे आहेत आणि त्यांत बरेच अंतर आहे. पहाटे सामानासह वांद्रे टर्मिनसला उतरलेल्या माणसाला रिक्षावाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. तिथून पादचारी पुलाने खार रोड स्टेशन गाठता येते हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. बॅगा हलक्या असतील तर तोच मार्ग बरा. नाशिक-पुण्याकडून येणाऱ्यांनी कल्याण आणि ठाण्याचाही विचार करावा: पाहुणचार डोंबिवलीत असेल तर सीएसएमटीपर्यंत जाऊन उलटे येण्यात अर्थ नाही.

पुण्याहून रस्त्याने येणाऱ्यांना एसटीची शिवनेरी बस दादरपर्यंत आणते, आणि स्वतःच्या गाडीपेक्षा ती केव्हाही बरी. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, पण शहरात गाडी उभी करायला जागा त्यामुळे वाढली नाही. फोर्टात वा दादरमध्ये पार्किंग शोधण्यात अर्धा तास जाणे नेहमीचे. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात अडकण्याचा योग येतो तो वेगळाच. पुणेकराला रेल्वेचे आरक्षण मिळत असेल तर मोटार घरी ठेवण्यात शहाणपण आहे.

लांबून येणाऱ्या बऱ्याच गाड्या पहाटे पाच ते सात या वेळात मुंबईत पोहोचतात. कोकणातून, सोलापूर-कोल्हापुराकडून येणाऱ्यांना हे ठाऊक असते. पण हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी बारानंतर मिळते. मधल्या सहा तासांचे काय करायचे हे आधी ठरवले नाही तर सहलीची सुरुवातच लॉबीत पेंगत होते. यावर उपाय तीन. पहिला म्हणजे हॉटेलला आदल्या दिवशी फोन करून लवकर खोली देता येईल का हे विचारणे. खोली रिकामी असेल तर कधी फुकट, कधी थोड्या जास्त पैशांत ती मिळते. दुसरा म्हणजे सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवून, तोंड धुऊन बाहेर पडणे. याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. तिसरा उपाय स्टेशनातला. मोठ्या स्टेशनांवर सामान ठेवण्याची सोय आहे, मात्र बॅगेला कुलूप हवे, नाहीतर ती घेत नाहीत. काही तासच अंग टाकायचे असेल तर मुंबई सेंट्रलला 2021 मध्ये पॉड हॉटेल सुरू झाले आहे, आणि सीएसएमटीलाही तशी सोय आहे. पॉड म्हणजे पेटीएवढी निजायची जागा. कोंडल्यासारखे वाटणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

आता मुक्काम. सीएसएमटी, फोर्ट आणि धोबी तलाव या भागात जुनी लॉज बरीच आहेत. इमारती शतकाच्या आसपासच्या, खोल्या अरुंद, कुठे लिफ्ट नाही, कुठे लिफ्ट आहे पण ती पहिल्या मजल्यानंतर सुरू होते. वृद्ध बरोबर असतील तर मजला विचारूनच पैसे भरावेत. या भागाचा फायदा मोठा: रात्री दहालाही मरीन ड्राइव्हहून पायी परतता येते आणि परतीची गाडी हाकेच्या अंतरावर असते. कुलाब्यात हॉटेले अधिक आणि महाग, शिवाय लोकलचे स्टेशन नाही. चर्चगेट किंवा मेट्रोचे विधान भवन स्टेशन गाठावे लागते. दादर हा मधला मार्ग. तिथे मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे मिळतात, जेवणाखाण्याची चंगळ आहे, आणि मराठी माणसाला पहिल्या तासातच ओळखीचे वाटते. अंधेरी पूर्व आणि मरोळची हॉटेले कामानिमित्त येणाऱ्यांसाठी उभी राहिलेली आहेत, म्हणून शनिवार-रविवारी त्यांचे दर बऱ्याचदा उतरतात. खोल्या मोठ्या, स्वच्छ, पण गेट वे दूर. वाशीला आणखी स्वस्त मिळेल, मात्र हार्बरवर जलद लोकल नाही, आणि वाशी ते सीएसएमटी जायला पाऊण तासाहून अधिक लागतो. रोज येता-जाता दीड-दोन तास गाडीत काढून वाचवलेले पैसे दोन दिवसांच्या सहलीत महागच पडतात. स्थळदर्शनासाठी येणाऱ्याने फोर्ट-सीएसएमटी आणि नातेवाईक, देवदर्शन, खरेदी यांसाठी येणाऱ्याने दादर धरावे; बाकीचे पर्याय सवलत फार मोठी असेल तेव्हाच.

खोली आरक्षित करताना छायाचित्रांवर भिस्त ठेवू नये. मुंबईत खोलीला खिडकी असणे गृहीत धरता येत नाही. कित्येक खोल्यांची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि दिवसाही दिवा लावावा लागतो. फोनवर चार प्रश्न विचारले की चित्र स्पष्ट होते: खिडकी कुठे उघडते, लिफ्ट कोणत्या मजल्यापर्यंत आहे, गरम पाणी किती ते किती मिळते, आणि खोली सोडायची वेळ कोणती. काही लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे सकाळी सातला आले तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत. रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला तो फायद्याचा. ओळखपत्र म्हणून आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना लागतो. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे ते सहसा चालत नाही. आणि ओळखपत्र खोलीत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचे मागतात. एकाचेच आधार घेऊन आलेली कुटुंबे काउंटरवर मोबाइलमध्ये फोटो शोधत उभी असलेली दिसतात.

करांबाबत: 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर 18 टक्के. जुन्या दराने बिल आले तर तिथेच विचारावे. समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी मोजावे लागणारे जादा पैसे दोन दिवसांच्या पाहुण्याला परवडत असले तरी पटू नयेत. तो खोलीत असतो रात्री, आणि रात्री समुद्र दिसत नाही. मरीन ड्राइव्हच्या साडेतीन किलोमीटर कठड्यावर बसायला पैसे पडत नाहीत.

लोकलशिवाय मुंबईची सहल होत नाही, आणि पाहुण्यांचा सर्वाधिक मनस्तापही तिथेच होतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. आज या जाळ्याच्या तीन मुख्य शाखा आहेत: चर्चगेटहून उत्तरेला जाणारी पश्चिम, सीएसएमटीहून कल्याण आणि पुढे कसारा व कर्जत-खोपोलीकडे जाणारी मध्य, आणि सीएसएमटीहून पनवेल व गोरेगावकडे जाणारी हार्बर. नवख्याने तीन गोष्टी पाहून गाडीत पाय ठेवावा: गाडी कुठे जाते, धीमी की जलद, आणि डबे बारा की पंधरा. हे सारे इंडिकेटरवर लिहिलेले असते. जलद गाडी भायखळ्याहून सुटली की मधली चिंचपोकळी, करी रोड, परळ ही स्टेशने मागे टाकून थेट दादरला थांबते. परळला उतरायचे असलेला माणूस जलद गाडीत बसला तर दादरहून धीम्या गाडीने उलटे यावे लागते. नावांचाही घोळ असतो. माटुंगा मध्य रेल्वेवर आणि माटुंगा रोड पश्चिमेवर. 2018 पर्यंतचे एल्फिन्स्टन रोड आता प्रभादेवी आहे, पण जुना टॅक्सीवाला अजून जुनेच नाव घेतो.

दादरला तर फलाटांचे क्रमांक बदलले आहेत. पूर्वी पश्चिम आणि मध्य रेल्वेचे क्रमांक वेगवेगळे एकपासून सुरू होत, त्यामुळे एक नंबर म्हणजे कोणता एक नंबर हा वाद जिन्यावर रोज चाले. डिसेंबर 2023 पासून पश्चिमेचे 1 ते 7 आणि मध्यचे 8 ते 14 असे सलग क्रमांक आहेत. जुन्या आठवणीवर दादरला येणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

तिकिटाची रांग टाळायला रेल्वेचे रेलवन ॲप आहे. तिकीट स्टेशनात शिरण्याआधीच काढावे लागते, फलाटावर उभे राहून ते निघत नाही. साधे दुसऱ्या वर्गाचे तिकीट 5 रुपयांपासून सुरू होते, वातानुकूलित लोकलचे 35 पासून. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पहिल्या वर्गात किंवा वातानुकूलित गाडीत चढले तर भाड्यातील फरक आणि वर किमान 250 रुपये दंड. गर्दीच्या रेट्यात चुकून चढलो ही सबब तपासनीस ऐकत नाही. दिवसभर चढउतार करायची असेल तर एक, तीन किंवा पाच दिवसांचा पर्यटक पास मिळतो, त्याची चौकशी खिडकीवर करावी. दुपारी बारा ते चार या वेळात साधा डबाही सुसह्य असतो. गर्दीच्या वेळी लहान मूल किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर वातानुकूलित लोकलवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही. तिची दारे आपोआप बंद होतात, हीच मोठी गोष्ट.

डब्यात शिरल्यावरचे रिवाज फलकांवर लिहिलेले नसतात. उतरायचे स्टेशन येण्याआधी एक स्टेशन तरी दाराकडे सरकायला लागावे, आणि पुढच्याला ‘दादर उतरणार का?’ असे विचारावे. तो ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहायचे, ‘नाही’ म्हणाला तर तो अंग चोरून वाट देतो. फलाट कोणत्या बाजूला येणार हेही त्याच दमात विचारून घ्यावे. गर्दीच्या वेळी उतरणाऱ्यांना वाट देत ताटकळले तर चढता येत नाही, आणि घाई केली तर बोलणी बसतात. पाहुण्याने ती गाडी सोडून द्यावी, चार-पाच मिनिटांत दुसरी येतेच. विरार जलद गाडीत अंधेरी किंवा बोरिवलीसाठी चढू नये. विरारपर्यंत उभे जाणारे प्रवासी अशा पाहुण्यावर खवळतात, आणि दार अडवले तर त्याला उतरूही देत नाहीत. बोरिवलीकरांसाठी बोरिवली लोकल असते. तीन जणांच्या बाकावर चौथ्याने टेकायचे असते, त्याला चौथी सीट म्हणतात. कोणी ‘जरा सरका’ म्हटले तर सरकावे. मोठ्या बॅगा घेऊन सकाळी साडेनऊला लोकलमध्ये चढण्याचा विचारही करू नये. महिलांच्या डब्यांपैकी काही चोवीस तास राखीव असतात, काही ठरावीक वेळातच. पुरुषांनी डब्यावरची पाटी वाचल्याशिवाय शिरू नये. रात्री साधारण एकपासून पहाटे चारपर्यंत लोकल बंद असते, त्यामुळे नाटकाचा शेवटचा प्रयोग पाहून उपनगरात जाणाऱ्यांनी घड्याळ बघावे.

रविवार हा पर्यटकांचा लाडका दिवस आणि रेल्वेच्या दुरुस्तीचाही. मध्य व हार्बर मार्गावर मेगा ब्लॉक, पश्चिमेवर जंबो ब्लॉक. बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत एखाद्या टप्प्यातली जलद किंवा धीमी मार्गिका बंद राहते, गाड्या दुसऱ्या मार्गिकेवर वळवतात आणि मधली काही स्टेशने वगळतात. कोणत्या टप्प्यात ब्लॉक आहे हे शनिवारच्या वर्तमानपत्रात छापून येते. ते न वाचता रविवारी दुपारी ठाण्याहून सीएसएमटीला निघालेला पाहुणा मग रेल्वेच्या नावाने बोटे मोडतो. त्याच रविवारी सकाळी फोर्ट मात्र पाहण्यासारखा असतो. कचेऱ्या बंद, रस्ते ओस, आणि सीएसएमटी, उच्च न्यायालय, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, पुढे मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती मान वर करून निवांत पाहता येतात. सीएसएमटी 2004 पासून जागतिक वारसा आहे. व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला तो मान 2018 मध्ये मिळाला. सकाळी सात ते दहा ही या फेरफटक्याची वेळ.

रिक्षा आणि टॅक्सीची हद्द नवख्याला ठाऊक नसते. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला ऑटोरिक्षा चालत नाही. दादरला उतरून रिक्षा शोधणारा शोधतच राहतो. शहरात काळी-पिवळी टॅक्सी, उपनगरात दोन्ही. फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे भाडे 26 रुपये आणि टॅक्सीचे 31. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच दर सव्वापट. मुंबईच्या मीटरचा लौकिक अजून टिकून आहे: रस्त्यावर हात दाखवून थांबवलेली टॅक्सी बहुतेक वेळा मीटरनेच जाते. लौकिक धुळीला मिळतो तो टर्मिनसबाहेर, विमानतळाजवळ आणि गेट वेपाशी. तिथे पुढे येऊन विचारणाऱ्याशी घासाघीस करत बसण्यापेक्षा शंभर पावले चालून धावती टॅक्सी थांबवावी किंवा प्रीपेडच्या खिडकीवर जावे. सीएसएमटीला लांब पल्ल्याच्या गाड्यांकडून पी. डिमेलो मार्गाच्या बाजूने बाहेर पडले की टॅक्सी सोपी जाते. पद्मिनी टॅक्सीत बसण्याची हौस घेऊन येणाऱ्यांना मात्र उशीर झाला आहे. ती ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली.

ॲपवरची टॅक्सी सोयीची वाटते, पण संध्याकाळी आणि पावसात तिचा भाव चढतो, चालक फोन करून ‘कुठे जायचंय?’ विचारतो आणि उत्तर ऐकून फेरी रद्द करतो. गाडी गाठायची असेल तेव्हा तिच्या भरवशावर राहू नये. दादर-परळ भागात आणखी एक अडचण आहे: प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडकामासाठी बंद झाला आणि त्याचा भार टिळक पूल व करी रोडच्या पुलावर पडला. पूर्वेहून पश्चिमेला जायचे असेल तर रूळ पायी ओलांडून पलीकडे टॅक्सी पकडावी.

मेट्रोने पाहुण्यांची बरीच सोय केली आहे. पहिली मार्गिका वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर अशी आडवी जाते आणि 2014 पासून पूर्व-पश्चिम प्रवासाची डोकेदुखी तेवढ्यापुरती मिटवते. ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण चालू झालेली भुयारी मेट्रो 3 आरेपासून विमानतळ, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, सिद्धिविनायक, वरळी, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, चर्चगेट करत कफ परेडला पोहोचते. साडेतेहतीस किलोमीटर, 27 स्टेशने, भाडे 10 ते 70 रुपये. या विमानतळावर उतरणाऱ्याला आता टॅक्सीची गरज फारशी उरलेली नाही, आणि सिद्धिविनायकाला जाण्याचा हा सर्वांत सुखाचा मार्ग. दोन सूचना: मेट्रोचे दादर स्टेशन शिवसेना भवनाच्या बाजूला आहे, रेल्वे स्टेशनला लागून नाही, तेव्हा सामानासह बदल करायचा असेल तर चालण्याची तयारी ठेवावी. आणि भुयारात मोबाइलचे नेटवर्क मिळेलच असे नाही, म्हणून ऑनलाइन तिकीट खाली उतरण्यापूर्वी काढावे. बेस्टची बस सर्वांत स्वस्त, मे 2025 पासून किमान भाडे 10 रुपये, वातानुकूलित बसला 12. थांब्यावर किती वेळ उभे राहावे लागेल याचा मात्र नेम नाही. घाई नसलेल्याने दुमजली विजेच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा धरावी. दक्षिण मुंबई तिथून छान दिसते.

जेवणाचा नियम साधा आहे: जिथे असू तिथले खावे. एका प्रसिद्ध पदार्थासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाण्यात दुपार जाते, आणि प्रत्येक भागाचे स्वतःचे काही ना काही आहेच. फोर्ट-धोबी तलाव भागात सकाळ इराण्याकडे करावी. 1904 पासून चाललेल्या कयानीमध्ये बन मस्का, ब्रुन मस्का, खिमा पाव आणि पाणीकम चहा मिळतो. ब्रुन म्हणजे कडक कवचाचा पाव. तो चहात बुडवल्याशिवाय खाण्याचा हट्ट करू नये, टाळू सोलते. इराण्याकडे टेबल आपल्या एकट्याचे नसते, समोर अनोळखी माणूस येऊन बसतो आणि त्यात काही वावगे नाही. ग्रँट रोड स्टेशनबाहेरच्या मेरवानचा मावा केक हवा असेल तर सकाळीच जावे, तो लवकर संपतो. दुपारी बॅलार्ड इस्टेटमध्ये 1923 चे ब्रिटानिया आहे, तिथला बेरी पुलाव. हे मुख्यतः दुपारच्या जेवणाचे ठिकाण, रात्रीचा बेत तिथे ठरवू नये. शाकाहारी पोटभर जेवण काळबादेवीच्या ठाकर भोजनालयात. गुजराती थाळी, वाढपी आग्रह करतात, आणि तिथून उठून लगेच चालण्याचा कार्यक्रम आखणे चुकीचे. सीएसएमटीसमोर पंचम पुरीवाला आणि कॅननची पावभाजी गाडीच्या आधीच्या अर्ध्या तासात उरकता येते. क्रॉफर्ड मार्केटमध्ये खरेदी झाल्यावर बादशाहचा फालुदा.

रविवारी फोर्टात जेवायचे असेल तर आधी फोन करावा. कचेऱ्यांवर चालणारी कित्येक उपाहारगृहे त्या दिवशी बंद असतात.

दादरला मराठी खाण्याची रेलचेल. गोखले रोडवरच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, शिवसेना भवनासमोर आस्वादची मिसळ आणि थालीपीठ. शनिवार-रविवारी दोन्हीकडे नाव लिहून बाहेर उभे राहावे लागते. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेतीननंतर गेले तर बसायला मिळते. मासे खाणाऱ्यांसाठी सिंधुदुर्गसारखी मालवणी ठिकाणे आहेत. सोमवारी, चतुर्थीला आणि श्रावणात तिथली गर्दी ओसरते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या काळात मिळणारा मासा बर्फातला आणि महाग असतो. ‘आज ताजं काय आहे?’ असे विचारून मगच पापलेट की सुरमई ते ठरवावे, आणि दर कार्डावर न लिहिता ‘आकाराप्रमाणे’ असेल तर तो आधी विचारावा. वडापावचा जन्मही दादर स्टेशनबाहेर 1966 च्या सुमाराचा सांगतात. तो कोणत्याही गाडीवर खावा, फक्त कढई चालू असली पाहिजे.

दादरहून एक धीमी लोकल पकडून माटुंग्याला गेले तर दाक्षिणात्य जेवणासाठी आणखी कुठे जायची गरज पडू नये. मध्य रेल्वेच्या स्टेशनजवळ रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून आहे. आधी पैसे, मग क्रमांक, मग रांग, आणि मग केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाजी, पापड, ताक. अन्न टाकलेले तिथे आवडत नाही, तेव्हा बेताने मागावे. कॅफे मद्रास इडली-डोशासाठी. सोमवारी ही दोन्ही बंद असतात.

बिलाबाबत एवढेच: साध्या उपाहारगृहात 5 टक्के जीएसटी, महागड्या हॉटेलच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये 18. सेवा शुल्क म्हणून लावलेली रक्कम ग्राहकाला बंधनकारक नाही. ती काढायला सांगता येते, आणि शांतपणे सांगितले तर बहुधा काढतातही.

सुट्टीचे वार जुळवले नाहीत तर सहलीचा विचका होतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरीही सोमवारीच. राणीची बाग आणि शेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी जायचे की मंगळवार टाळायचा हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर, पण रांग मोठी असते. घारापुरीला गेट वेहून होडीने सुमारे तासभर लागतो, वर पायऱ्या आहेत, आणि येऊन-जाऊन चार-पाच तास मोडतात. सकाळची पहिली होडी धरली तर दुपार हाती उरते. लाइफ जॅकेट घालण्यात कुचराई करू नये.

जून ते सप्टेंबर यायचे असेल तर भरतीच्या वेळा पाहाव्यात. मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकत्र आली की हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे आणि अंधेरी सबवे पाण्याखाली जातात, आणि लोकल कुर्ला-सायनच्या दरम्यान रखडते. अशा दिवशी जिथे असू तिथेच थांबावे. लोकल बंद पडली म्हणून टॅक्सीने निघणे हे आगीतून फुफाट्यात पडणे होय.

परतीच्या दिवशी खोली दुपारी बाराला सोडावी लागते आणि गाडी बऱ्याचदा संध्याकाळी किंवा रात्री असते. सामान हॉटेलमध्येच ठेवून जवळपास फिरावे, दूरचा बेत करू नये. पुण्याची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून संध्याकाळी 5.10 ला सुटते, नाशिककडची पंचवटी 6.15 ला, म्हणजे दोन्ही ऐन गर्दीत. उपनगरातून रस्त्याने निघणाऱ्याने दोन तास हाताशी ठेवावेत. शक्य असेल तर लोकलने यावे, कारण त्या वेळी सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाड्या तुलनेने रिकाम्या असतात. दादरला गाडी पकडायची असेल तर तिथे थांबा आहे का हे तिकिटावर पाहून घ्यावे. येताना दादरला थांबलेली गाडी जाताना तिथे थांबेलच असे नाही.